ताईचं उत्तर

गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत आमच्या चाळीतल्या बायका तान्ह्या पोरांच्या जिभेवर अफूची बाळगोळी ठेवत. पोर दिवसभर निपचित झोपे आणि आई कामावर जाई. माझ्या आईनंही थोरल्या ताईला तशीच निजवून वाढवली. ताई चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा.

माझ्या वेळी आईनं गिरणीच सोडली. घरी विड्या वळायला घेतल्या आणि मला मांडीशी ठेवून तोंडाचा पट्टा चालू केला. "कात्रीबाई पान खाती, कचकच कचकच. तंबाखू बसली आत, दोऱ्यानं बांधले हात." शेजारणी हसत, "खुळी हाय का गं? तान्ह्या पोरीला काय कळतंय?" पण मी लवकर बोलू लागले आणि पुढं थांबलेच नाही.

ताई भिंतीशी बसून पानं पुसायची. तिला कुणी काही विचारलं की ती आधी नुसती बघत राही. तेवढ्यात मी उत्तर देऊन मोकळी! सगळे माझं कौतुक करत. आई ताईला जेवू घाली, वेणी घाली, पण बोलत नसे. "तिच्या तोंडाकडं बगितलं की माजं मन मला खातंय," असं ती एकदा शेजारणीला म्हणाली होती. ताईची उत्तरं पळवताना मला तेव्हा लाजसुद्धा वाटली नाही. आता वाटते, पण आता वाटून काय उपयोग?

एकदा मोहोळहून मावशी आली. तिनं ताईला विचारलं, "आई काय करती गं?"

"इड्या वळती!" मी म्हणाले.

मावशीनं आईकडं पाहिलं. "थोरली मुकी हाय व्हय?"

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. ताईला ओढून समोर बसवलं. "सांग बाई, आई काय करती?"

मी तोंड उघडलं, तोच आईचा तंबाखूचा हात माझ्या तोंडावर बसला. मला ठसका आला तरी तिनं तो काढला नाही. ताई बघत राहिली. मावशी चुळबुळ करू लागली.

"कात्रीबाई पान खाती," ताई हळूहळू म्हणाली. "कचकच कचकच. तंबाखू बसली आत..." आईचाच सूर, आईचाच हेल. एक शब्दही चुकला नाही.

आईच्या डोळ्यांना धार लागली. "तुला कवा गं शिकवलं मी हे?"

ताईनं माझ्याकडं बोट दाखवलं. "हिला सांगत होतीस की."