सगळ्यांच्या आधी जेवताना

डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टांची फाईल मिटली आणि म्हणाले, "सगळं जुळतंय. रक्तगट जुळतोय, बाकीच्या तपासण्या चांगल्या आहेत. अडतंय ते वजनावर."

सांगलीतल्या एका हॉस्पिटलात आम्ही तिघं बसलो होतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. आईवडील आता नाहीत, त्याच्या बायकोचा रक्तगट जुळत नव्हता, म्हणजे उरले मी. तेव्हा माझं वय त्रेचाळीस, उंची पाच फूट एक इंच आणि वजन अठ्ठ्याहत्तर किलो.

"सत्तरच्या आसपास या," डॉक्टर म्हणाले. "तुमची साखरही काठावर आहे. अशा अवस्थेत तुमची एक किडनी काढली आणि पुढे तुम्हालाच त्रास सुरू झाला, तर मी एकाला वाचवून दुसऱ्याला आजारी पाडल्यासारखं होईल. चार महिने घ्या."

"आणि चार महिन्यांत याचं काही झालं तर?"

डॉक्टर म्हणाले, "डायलिसिसवर निभेल. पण लांबवू नका."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "आक्का, जमलं न्हाई तर न्हाई. मनाला लावून घेऊ नको." मला त्याचा संताप आला. चेहरा सुजलेला, दोन जिने चढला तरी धाप लागत होती, आणि समजूत माझी घालत होता.

त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी दिवसभराचं खाणं विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "रात्री किती वाजता जेवता?"

"साडेदहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "इतक्या उशिरा?"

काय सांगणार? माझं सासर सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात. मी तालुक्याच्या हायस्कूलला शिकवते. सहाला घरी येते आणि स्वयंपाकाला लागते. नवरा आणि सासरे धारा काढून, डेअरीला दूध घालून, उसाकडं एक चक्कर मारून साडेनऊला ताटावर बसतात. त्यांचं झालं की मी आणि सासूबाई. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, पण मी त्यांच्याआधी जेवल्याचं मला आठवत नव्हतं.

"सातच्या आत जेवायचा प्रयत्न करा," बाई म्हणाल्या. "वेळेत काही जादू नाही. दिवसभरात पोटात किती गेलं, यावरच वजन ठरतं. पण लवकर जेवून स्वयंपाकघर बंद केलं, तर रात्रीचं अधलंमधलं खाणं थांबतं. त्याचा बऱ्याच जणांना उपयोग होतो."

एवढं सगळं त्या बोलल्या. मी त्यातलं 'सातच्या आत' एवढंच घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी एक ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि काकडी घेऊन स्वयंपाकघरात बसले. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांना मी आत्ती म्हणते. त्यांनी मान वर केली.

"काय गं, बरं वाटंना व्हय?"

"बरंय. डॉक्टरांनी सातच्या आत जेवायला सांगितलंय."

त्यांनी माझ्या ताटाकडं पाहिलं, मग दाराबाहेर. सोप्यात सासरे रेडिओ लावून बसले होते. "पुरुषमाणसं अजून उपाशी हायती," त्या हळूच म्हणाल्या.

त्या रागानं बोलल्या असत्या तर उलट बोलता आलं असतं. पण त्यांनी आवाज खाली आणला होता, जणू माझी चूक सासऱ्यांना कळू नये म्हणून.

मी किडनी देणार हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ते मान्य नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "तुला लेक हाय. नवरा हाय. उद्या तुझं काय झालं तर कुणी बघायचं? भावाची माया मला कळती, पर ही वस्तू परत मिळायची न्हाई." त्यांना दुष्ट म्हणता येत नव्हतं, म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड होतं. नवरा तर या विषयावर एक अक्षर बोलत नव्हता. आणि हॉस्पिटलनं सांगितलं होतं की नवऱ्याची लेखी संमती लागेल.

पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले. शाळेजवळच्या मेडिकलमध्ये वजनकाटा होता, तिथं दर सोमवारी मी चढायची. पंच्याहत्तर दिसलं त्या दिवशी भावाला फोन केला, आणि फोनवर दोघंही लहान मुलांसारखे हसलो.

मग काटा हलेना. पुढच्या सोमवारी पंच्याहत्तर. त्याच्या पुढच्या सोमवारी पंच्याहत्तर किलो दोनशे. मी सातची वेळ एक दिवसही चुकवली नव्हती. शाळेत कुणाच्या वाढदिवसाचा केक आला तर हात लावला नव्हता. जे खायची ते वहीत लिहायची. सातव्या आठवड्यात चौऱ्याहत्तर किलो नऊशे. आठव्यात पुन्हा पंच्याहत्तर. मेडिकलवाला माझ्याकडं बघायचं टाळायला लागला.

याच दिवसांत एका रविवारी सकाळी भावजयीचा फोन आला. भावाच्या छातीत पाणी साठलं होतं. श्वास लागला म्हणून पहाटेच आयसीयूत नेलं होतं. "आक्का, तुमचं वजन किती झालं?" तिनं विचारलं. तिला तसं विचारायचं नव्हतं, ते आवाजावरून कळत होतं. पण तिनं विचारलं, आणि मी खोटं बोलले. म्हणाले, "उतरतंय."

त्या दिवसापासून मी माझ्या मनानं चालायला लागले. मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ पाहिला होता, दिवसातून एकदाच जेवा, बाकी वेळ फक्त पाणी. मी रात्रीचं ताट बंद केलं. सकाळचं खाणं बंद केलं. दुपारी शाळेत एक भाकरी, तेवढीच. आत्तींना सांगितलं, शाळेत पोटभर खाऊन आले. शाळेत सांगितलं, घरून खाऊन आले. पाच दिवसांत दीड किलो गेलं. हात थरथरायचे, वर्गात शब्द आठवायचे नाहीत, पण काट्यावरचा आकडा पाहिला की वाटायचं, चाललंय.

सहाव्या दिवशी, तिसऱ्या तासाला, नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा शिक्षकांच्या खोलीतल्या बाकावर होते आणि नवरा समोर उभा होता. शेतातून तसाच आला होता, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, पोटऱ्या चिखलानं भरलेल्या. सगळे बाहेर जाईपर्यंत तो थांबला.

"कवाधरनं जेवली न्हाईस?"

मी पदर सावरून उठून बसले.

"मी सही करणार हुतो," तो म्हणाला. "ठरलं हुतं माझं. आयेला कसं सांगायचं तेवढंच बघत हुतो. आता न्हाई करत."

"अवं, असं नका..."

"भाऊ वाचवायचा म्हणून तू मरायला लागलीस, आनि मी त्याच्यावर सही करू?" त्याचा आवाज चढला नाही. पण त्याचे ओठ थरथरताना मी बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिले.

दोन दिवसांनी तोच मला सांगलीला घेऊन गेला. सही नाही म्हणून सांगायला, असंच मी धरून चालले होते. डॉक्टर आम्हाला, म्हणजे मला, चांगलेच रागावले. "मला हलकी बाई नको आहे, निरोगी बाई हवी आहे," म्हणाले, आणि खालच्या मजल्यावर पाठवून दिलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी माझी वही पानं उलटून वाचली. पहिल्या दोन महिन्यांचं सगळं त्यात होतं. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "लिहिलंय एवढंच खाल्लं असतं तर वजन असं अडायला नको होतं. संध्याकाळी सातला तुमचं जेवण झालं. त्यानंतर काय करता?"

"साडेनऊला सगळ्यांना वाढते. मग आवरते."

"उरलेलं काय करता?"

मला खरंच प्रश्न कळला नव्हता.

"तीच खाती," शेजारून नवरा म्हणाला.

मी वळून पाहिलं. तो माझ्याकडं न बघता बाईंना सांगत होता, पिकाबद्दल सांगावं तितक्या सरळपणानं. "पातेल्यात वाडगाभर भात ऱ्हातो, त्यो साईदुधात कालवून खाती. आर्धी-चतकोर भाकरी वाया नगं म्हणून आमटीत मोडती. आमी उठलो की आयेसंगं शेंगदाणं-गूळ खात बोलत बसती. पहिल्यांदा कमी खायची. म्हयनाभरानं पुन्हा पहिल्यासारखं झालं. मला वाटलं, चालत आसंल डॉक्टरला."

मला बाकावरून उठून जावंसं वाटलं. वहीत मी एक बिस्किटसुद्धा सोडलं नव्हतं. आणि हे रोजचं, माझ्याच हातानं तोंडात घातलेलं, मला एकदाही आठवलं नव्हतं. कारण ते जेवण नव्हतंच माझ्या लेखी, ती भांडी रिकामी करणं होतं.

"लाजू नका," बाई म्हणाल्या. "माझी आईही तेच करते. विचारलं तर म्हणते, मी कुठं काय खाल्लं." मग त्यांनी वहीत लाल पेनानं लिहून दिलं: तीन वेळा जेवायचं, चुकवायचं नाही, सातनंतर स्वयंपाकघरात जायचं नाही.

शेवटची ओळ वाचून मी म्हणाले, "हे कसं जमणार?"

घरी आल्यावर नवऱ्यानं जोडे काढता काढताच आईला सांगितलं, "आजपास्नं रातचं आमी आमचं वाढून घिऊ."

आत्ती ताडकन उठल्या. "मंग मी मेली काय?" त्या माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर पडणार. त्या जवळ आल्या, माझं मनगट धरलं आणि अंगठा-बोटात मापल्यासारखं दाबून पाहिलं.

"द्यायला माझी ना हाय, ती हायच," त्या म्हणाल्या. "पर शाळंत पडलीस तवा माझ्या पोटात गोळा आला. उपाशी ऱ्हाऊन मला खोटं सांगितलंस, शाळंत जेवली म्हणून. माझ्या हातचं खाऊन तुझं काय वाईट हुणार हुतं? तू सातला जेव आनि माडीवर जा. रातचं चुलीकडं फिरकायचं न्हाई. मी बघती सगळं."

"आत्ती, तुमचे गुडघे..."

"गुडघं माझं हायती."

पुढचे दोन महिने मी माडीवर काढले असं म्हटलं तरी चालेल. सातला खाली जेवायची, आत्ती समोर बसायच्या, आणि ताट संपलं की जिन्याकडं बोट दाखवायच्या. वर वह्या तपासत बसलं की साडेनऊला खालून ताटांचा आवाज यायचा. मग सासऱ्यांचं मीठ मागणं, आत्तींचं उठणं, उठताना भिंतीला हात टेकून थांबणं. भूक लागलेली नसायची, तरी हात शिवशिवायचे. एकदा मी खाली आलेच. आत्तींनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "हे सकाळी म्हशीला. जा."

वजन उतरायला लागलं, पण रांगत. आठवड्याला चारशे ग्रॅम, कधी तीनशे. भाऊ आयसीयूतून घरी आला होता, पण पुन्हा कधीही जावं लागेल असं डॉक्टर म्हणत होते. चार महिने संपले त्या दिवशी सकाळी मी पाणीसुद्धा न पिता नवऱ्याबरोबर सांगलीला निघाले. काट्यावर चढताना बांगड्या, मंगळसूत्र, चपला, सगळं काढून नवऱ्याच्या हातात दिलं.

एकाहत्तर किलो सहाशे.

डॉक्टरांनी आकडा लिहिला, मग रक्ताचे रिपोर्ट ओढून घेतले आणि बराच वेळ वाचत राहिले. नवऱ्याच्या मुठीत माझ्या बांगड्या किणकिणत होत्या.

"साखर पार खाली आलीय," डॉक्टर शेवटी म्हणाले. "मला याची जास्त काळजी होती. दीड किलोसाठी मी थांबणार नाही." मग नवऱ्याकडं पाहून, "तुमचं काय?"

त्यानं बांगड्या खिशात ठेवल्या. "हिला पुढं काय काय जपावं लागंल, ते आदी सांगा," म्हणाला. डॉक्टरांनी दहा मिनिटं सांगितलं. त्यानं मधे दोनदा पुन्हा विचारलं. मग कागद पुढं ओढला आणि सही केली.

अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढची मुलाखत, कागदपत्रं यात तीन आठवडे गेले. ऑपरेशन झालं. मला जाग आली तेव्हा नर्सनं सांगितलं की माझी किडनी भावाच्या अंगात चालायला लागलीय. मी विचारलं, "त्याला लघवी झाली का?" ती हसली आणि म्हणाली, "पिशवी भरलीय."

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. भाऊ कामावर जातो. माझं वजन अधूनमधून दीड-दोन किलो वर जातं आणि मग डॉक्टरांची बोलणी बसतात. गेल्या महिन्यात दोघांची तपासणी एकाच दिवशी होती. तो मला सांगलीच्या स्टँडवर सोडायला आला आणि गाडीची वाट बघताना म्हणाला, "आक्का, माझ्यापायी तुला जन्मभर मोजूनमापून खावं लागतंय."

"तुझ्यापायी न्हाई," मी म्हणाले. "साखर काठावर माझीच हुती." तो ऐकेना, मला राग आला, आणि चारचौघांत आमची बारीकशी बाचाबाची झाली. तेवढ्यात सातारची गाडी लागली. खिडकीशी जागा मिळाली. तो बाहेर उभा राहून गाडी हलेपर्यंत काहीबाही सांगत होता, काचेतून ऐकू येत नव्हतं, मी नुसती मान हलवत होते.

कराड सोडलं तेव्हा पावणेसात झाले होते. घरी पोचायला आठ-साडेआठ होणार. शेजारच्या बाईंना जरा सरकायला सांगितलं, मांडीवर डबा उघडला आणि जेवायला लागले.