दत्तूची आठ मिनिटं

आमच्या तळेआळीत पाणी सकाळी सहाला सुटणार, असं पाणी समितीच्या फलकावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते यायचं सहा वाजून आठ मिनिटांनी, आणि तेही थोडीथोडकी नव्हे, एकोणीस वर्षं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. पेणच्या स्टँडवर उभा जन्म गाड्यांच्या वेळा पाहण्यात गेला, त्यामुळे आठ मिनिटं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. या उशिरावरून सगळ्यात जास्त तोंडसुख मीच घेतलं, हे आधीच कबूल करतो.

पाणी सोडणारा माणूस दत्तात्रेय घरत. सगळ्यांचा दत्तू. समिती आमच्या दोन आळ्यांचीच, पेणच्या वेशीवरची, आणि टाकीही एकच. आधी पावणेसातपर्यंत आमच्या खालच्या आळीला पाणी, मग दत्तू कमरेएवढी लोखंडी चावी घालून व्हॉल्व्ह फिरवणार आणि टाकीत उरेल ते टेकडीआळीला जाणार. काम एवढंच. एवढंही वेळेवर होत नाही म्हणून मी त्याला ‘कुंभकर्ण’ म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. समितीकडे दोन लेखी तक्रारीही केल्या. दत्तू हसायचा, म्हणायचा, “व्हतं दादा थोडं मागंपुढं.” त्या हसण्याचा मला भयंकर राग यायचा.

आळीतलं शेवटचं घर दत्तूचंच. पाणी तिथपर्यंत पोचायला वेळ लागायचा आणि पाचव्या हंड्याला नळ सुस्कारे टाकायला लागायचा. त्याची बायको सीताबाई रोज ओट्यावरून ओरडायची, “अवो, लोकं तुमच्या नावानं शिव्या घालतात! येळेवर जायला काय व्हतं तुमाला?” ओरडून झालं की ती दोन हंडे घेऊन तळ्यामागच्या विहिरीवर जायची. चौदा वर्षांपूर्वी, श्रावणात, तिथल्याच शेवाळलेल्या पायरीवरून ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. अलिबागला ऑपरेशन झालं, पण पाय आखूड झाला तो झालाच. आज ती चालते ती एका बाजूला कलंडून. तिला तसं चालताना पाहिलं की मी दत्तूला मनातल्या मनात आणखी दोन शिव्या घालायचो.

गेल्या मार्चमध्ये दत्तू साठीचा झाला. समितीने त्याला निरोप द्यायचं ठरवलं. मारुतीच्या सभामंडपात खुर्च्या मांडल्या, शाल आणली, नारळ आणला. दोन्ही आळ्या जमल्या. सीताबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मीही बोललो. कुंभकर्णाचा विनोद परत केला आणि लोक हसले. दत्तूही हसला.

मग प्रवीण उठला. दत्तूच्या जागी नेमलेला हा पोरगा महिनाभर त्याच्या हाताखाली शिकत होता. भला मुलगा, पण सभेत बोलायची सवय नाही. घामाघूम होऊन त्याने सुरुवात केली.

“काकांना सगळे आळशी म्हनतात. पन काका रोज पावणेसहालाच व्हॉल्व्हवर येऊन बसतात. मी बघितलंय. चावी लावून बसतात आनि घड्याळाकडं बघतात. मला बोलले, खालच्या आळीला आठ मिन्टं उशिरा सोडायचं, नायतर टेकडीवरच्या शेवटच्या चार घरांना थेंब मिळत नाय. एवढी वर्षं त्यांनी लोकांचं ऐकून घेतलं, पन त्या चार घरांना पानी दिलं. असा मानूस मिळनार नाय.”

आणि तो टाळ्यांची वाट बघत उभा राहिला.

बिचाऱ्याला वाटलं, आपण काकांचं नाव काढलं. टाळी एकही वाजली नाही. आमच्या आळीतला कुणीतरी मागून ओरडला, “म्हंजे आमचं पानी चोरलं काय?” लगेच गलका सुरू झाला. टेकडीआळीची गिरजाबाई, त्या चार घरांतली सर्वांत म्हातारी, पदर तोंडाला लावून बसून राहिली. तिने एक शब्द बोलायला हवा होता. तिच्या शेजारच्या तिघांनीही बोलायला हवं होतं. उलट त्यांच्यातलाच एक म्हणाला की आम्हाला काही माहीत नव्हतं, आम्ही काही मागायला गेलो नव्हतो. मला त्या माणसाची किळस आली. पण मी तरी कुठे उठलो? माझ्या दोन तक्रारी त्या समितीच्या कपाटात होत्या.

मी सीताबाईकडे पाहिलं. ती दत्तूकडे बघत नव्हती. स्वतःच्या पायाकडे बघत होती.

शाल पांघरायची राहूनच गेली. ती आणि नारळ पिशवीत घालून मीच त्या दोघांबरोबर घरापर्यंत आलो. ओट्याशी आल्यावर सीताबाई थांबली आणि तिने शांतपणे विचारलं, “मी पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तरी येळेवर सोडलंत?”

दत्तू खाली मान घालून उभा. मला वाटलं, आता हा खोटं बोलेल. बोलावं, असंच मला वाटत होतं.

“नाय,” तो म्हणाला. “हात गेलेला चावीवर. पन वरती त्या बायका कोरड्या नळाखाली भांडी मांडून बसलेल्या असतात गो. रोज व्हॉल्व्ह फिरवायला वर जायचो तेव्हा बघायचो. बघवत नसं. पयल्यांदा वाटलं, चार दिवस करू. मग बंद कसं करनार?”

ती आत गेली. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि घरी आलो.

समितीने पुढच्याच आठवड्यात ठराव केला. पाणी सहाच्या ठोक्याला, प्रवीणने घड्याळ लावून सोडायचं. आता आमच्या आळीत सात-सात हंडे भरतात आणि उरलेलं पाणी लोक रस्त्यावर मारतात. टेकडीवरच्या चार घरांतल्या बायका आमच्या तळ्यामागच्या विहिरीवर येतात. गिरजाबाईला उतरवत नाही, तिची सून येते. कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं, पण मी समितीत तोंड उघडलं तर लोक माझ्याच तक्रारी माझ्यापुढे टाकतील. म्हणून गप्प बसतो. भित्रा माणूस आहे मी.

दत्तू दिवसभर ओट्यावर बसलेला असतो. वाळला आहे. सीताबाई त्याला जेवायला वाढते, आंघोळीचं पाणी काढून देते, औषधाची गोळी हातावर ठेवते. बोलत मात्र नाही. निरोप द्यायचा असला तर आमच्याकडे देते, आणि तो तीन हातांवर बसून ऐकत असतो.

परवा मला राहवलं नाही. ती अंगणात पापड वाळत घालत होती. मी म्हटलं, “सीताबाई, झालं ते झालं. त्याने काही स्वतःसाठी केलं नाही. पाण्यासाठी किती दिवस अबोला धरणार?”

तिने पापड ठेवला, हात पुसले.

“पान्याचं काय घेऊन बसलात भावजी. त्या गिरजाबाईची भांडी मी पन बघितलीत. मला एकदा इचारलं असतं, तर मीच बोलले असते, सोडा त्यांना, मी जाते विहिरीवर. पाय मोडल्यावर पन हेच बोलले असते.” मग ती ओट्याकडे न बघता म्हणाली, “एकोनीस वर्षं मी ह्यांना आळशी बोलून रोज शिव्या दिल्या, आनि ह्यांनी मला देऊ दिल्या. एक दिवस इचारलं नाय.”

दत्तू उठून आत गेला. ती पुन्हा पापड घालायला लागली.