मूर्तिजापूरला काय उरतं

"अकोल्यात सगळेच वास चांगले असतात, बाई. मूर्तिजापूरले काय उरते थे सांगा."

एवढं बोलून सेंटवाले भाऊ काचेची काडी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचे. मनगटावर जागाच नसायची. मी बांगड्यांचा धंदा करते, दोन्ही हात भरलेलेच असतात. काडी टेकवली की माझी बस कितीची ते विचारायचे आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. मी घेते की नाही, किती घेते, याची त्यांना काही पडलेलीच नसे. माझ्यासारखीला हे सहन होत नाही. ज्याला विकायची घाई नाही त्याच्याशी घासाघीस करायची तरी कशी?

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल ओलांडल्यावर, एका चष्मेवाल्याच्या शेजारी त्यांचं सुट्या सेंटचं दुकान होतं. दुकान म्हणजे भिंतीतली फटच. तुम्ही तिथून गेला असाल तर वासाने मान वळली असेल, पण दुकान दिसलं नसेल. आत काचेच्या मोठ्या बरण्या, एक सिरिंज, करंगळीएवढ्या रिकाम्या कुप्या आणि मधोमध ते. उंच, वाकलेले, स्वेटर उन्हाळ्यातसुद्धा खुंटीवर.

माझं दुकान अमरावतीत. आधी मी भातकुलीच्या बाजारात पोतं अंथरून बसायचे आणि बाकीचे दिवस अमरावतीत दारोदार फिरायचे. आज तीन शोकेस आहेत, दोन मुली कामाला आहेत. दर मंगळवारी अकोल्याला ठोक माल घ्यायला जाते. अमरावतीचे व्यापारी हसतात, म्हणतात, तिकिटातच गेले बाई तुमचे पैसे. हसू द्या. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून त्यांचं हसू जरा कमी झालंय.

सहा वर्षांपूर्वी मी त्या फटीसमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या आधी एक मॅडम होत्या. कडक इस्त्रीची साडी, हातात गाडीची किल्ली. त्यांनी एक बरणी दाखवली, "शंभर मिली द्या," म्हणाल्या. यांनी मुकाट्याने बाटली भरून दिली. मग माझा नंबर.

"वाळ्याचा सेंट पाहिजे. मोठी बाटली. आधी भाव सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरच्या गोणीकडे पाहिलं.

"आधी सॅम्पल न्या," ते म्हणाले. "दोन दिवस लावून पाहा."

बघा, हे मी अजून विसरले नाही. मॅडमला बाटली, मला सॅम्पल. गोणीवाली बाई, हिला कशाला बाटली भरून द्यायची, असंच ना? मी तोंडातल्या तोंडात दोन शिव्या दिल्या. पण वास पाहिजे होता, म्हणून कुपी घेतली.

वाळाच का, तेही सांगते. बांगड्या घेऊन फिरायचे तेव्हा अमरावतीत एक वकिलांचं घर होतं. भर मे महिन्यात मला बाहेर ओट्यावर बसवायचे. बायका दारात बसून हात पुढे करायच्या आणि त्यांच्या पाठीमागून कूलरला लावलेल्या वाळ्याचा गार वास बाहेर यायचा. माझ्या डोक्यावर ऊन, समोर तो वास. पाणी मिळायचं, आत या असं कधी मिळालं नाही. तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस हा वास मी बाटली भरून विकत घेईन. अर्धी नाही, सुटा नाही, बाटली.

हे त्यांना सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "वाळा? अंगाले कूलर बांधून फिरता काय?"

पुढच्या मंगळवारी मी गेले ती भावाची तयारी करून.

"मूर्तिजापूरले कसा होता?" त्यांनी विचारलं.

"चांगला होता. भाव बोला."

"आन् बडनेऱ्याले?"

खरं सांगायचं तर बडनेऱ्यापर्यंत त्याला चिखलाचा वास यायला लागला होता, नाल्यातल्या. त्यांना तोंडावरून कळलं. त्यांनी दुसरी कुपी काढली, वाळ्यात कशाचे तरी चार थेंब टाकले, हलवली. "हा पाहा. आन् मधात नाक थकलं तर सोताचा पदर हुंगजा. पुन्हा ताजं होते."

पदर हुंगायचं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बसमध्ये हुंगला. गोणपाट, डिझेल, घाम आणि काचेची धूळ. मग पुन्हा कोपर नाकाशी नेलं, तर खरंच वास नव्याने आला.

असं सुरू झालं. दर मंगळवारी एक कुपी. कधी चंदन जास्त, कधी काही कमी. बोरगावला कसा, मूर्तिजापूरला कसा, घरी गेल्यावर कसा, सगळं त्यांना ऐकायचं असायचं. एकदा मी बसमध्ये झोपले होते, पण ठोकून दिलं, "बडनेऱ्याले छान होता."

"झोपल्या होत्या तुमी."

"कोण म्हनते?"

"छान म्हनल्या म्हनून. जागी असलेली बाई तक्रार करते."

सॅम्पलचे ते पैसे घेत नसत. मला फुकटाचं चालत नाही. फुकट देणारा पुढे मोठं काहीतरी मागतो हे मी बाजारात शिकलेय. मी हटून बसले. शेवटी वैतागून म्हणाले, "बरं, दहा रुपये द्या." मी म्हटलं, सात. चष्मेवाला त्याच्या दुकानातून इतका हसला की त्याच्या हातातली काच पडली.

पण बाटली मागितली की एकच उत्तर. अजून नाही, बाई.

एका मंगळवारी माझं डोकं फिरलं. ठोकवाल्याशी आधीच भांडून आले होते, त्यात पुन्हा "अजून नाही". समोर चार गिऱ्हाइकं होती. मी ओरडले, "मले ऐपत नाई असं वाटते काय तुमाले? त्या दिवशी त्या मॅडमले बरी मुकाट्यानं बाटली देल्ली!"

"थ्या मॅडमले बाटली पाहिजे होती," ते शांतपणे म्हणाले. "तुमाले वास पाहिजे."

त्यांचं शांत राहणं मला जास्त झोंबलं. हातातली कुपी मी काउंटरवर आपटली. काच फुटली, वाळा वाहिला, सगळी गल्ली गार झाली. त्यांनी फडकं घेतलं, काचा गोळा केल्या आणि म्हणाले, "हा मात्र अमरावतीपर्यंत टिकन."

लोक हसले. मी दोन महिने तिकडे फिरकले नाही.

त्या दोन महिन्यांत मंगळवारची परतीची बस फार लांब झाली. पूर्वी बोरगाव आलं की कोपर नाकाशी जायचं, मूर्तिजापूर आलं की मनात शब्द जुळवायचे, उद्या नाही तर पुढच्या मंगळवारी कोणाला तरी सांगायचं असायचं. आता बस म्हणजे नुसती बस. घरी मी एकटी. मुलगी पुण्यात, रविवारी फोन करते, "जेवलीस का?" विचारते, मी हो म्हणते. दुकानात दिवसभर बोलते, पण ते बोलणं मापाचं आणि भावाचं. आज तुझ्यात काय बदललं, असं विचारणारं माणूस सगळ्यांनाच मिळतं असं नाही.

गेले परत. माफी वगैरे मागितली नाही, ती मला येत नाही. नुसती उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं.

"मांगचा सांगाचा राहिला," म्हणाले.

"तो तर फुटला."

"त्याच्या आधीचा."

मी सांगितला. त्या दिवशी वकिलांच्या ओट्याचंही सांगितलं. त्यांनी सिरिंज खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाले, "दारातून येते तवा वास वेगळा रायते, बाई. आता तो आतल्या मानसाच्या अंगाले लागला पाहिजे. वेळ लागते."

एकदा मी विचारलं, "भाऊ, तुमी सारखं मूर्तिजापूर मूर्तिजापूर करता. सोता कधी गेले होते?"

"लग्नाले."

"कोनाच्या?"

"माह्याच." मग बरणीचं झाकण उगाच घट्ट करत म्हणाले, "सासुरवाडी होती. बायको गेली, तिचा भाऊ गेला. आता तथी कोनी नाई. स्टँडावर भजे भेटतात काय अजून?"

त्यानंतर मी वासाबरोबर भज्यांचीही खबर आणू लागले. स्टँडासमोर नवीन काय झालं, कोणतं झाड तोडलं. पुडीत बांधून भजी नेली तर म्हणाले, थंड झाली, पण सगळी खाल्ली. पुढच्या खेपेला मी ती गरम राहावीत म्हणून स्टीलच्या डब्यात नेली. डबा धुऊन परत मिळाला. त्याला मोगऱ्याचा वास होता. महिनाभर माझी भाकर मोगऱ्याची लागली. त्यावरूनही भांडले.

मग गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एक कुपी दिली. काडी टेकवताना दुसऱ्या हाताने काउंटर धरला. म्हटलं वय झालं. बोरगावला तो वास गार होता. मूर्तिजापूरला तसाच, पण जवळ आलेला. बडनेऱ्याला मी कोपर नाकाशी नेलं तर चिखल नाही, काही नाही, नुसतं दारातून आत गेल्यावर वाटत असेल तसं. दुसऱ्या दिवशी सकाळीही पदराला होता. मी घरात एकटीच हसले. हाच. आता बघते कशी बाटली देत नाहीत ते. आठवडाभर मनात भाव ठरवला. ते काय सांगतील, मी काय म्हणेन, कुठे उठून जायचं नाटक करेन, सगळं.

मंगळवारी शटर बंद.

चष्मेवाला बाहेर आला. "पोटाचं ऑपरेशन हाये. पोरीनं नागपूरले नेलं परवा." आत गेला, कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन आला. पूर्ण भरलेली. "तुमच्यासाठी ठेवून गेले."

"पैसे किती?"

"काई बोलले नाई."

"मंग नाई नेत," मी म्हटलं. "त्यायले म्हना, मूर्तिजापूरचं ऐकून घ्या, भाव सांगा, मंग मी नेतो. असं कोनाच्या हातून देल्लेलं मले चालत नाई."

माझा आवाज चढला होता. चष्मेवाला बिचारा बाटली छातीशी धरून उभा. पण तुम्हीच सांगा, सहा वर्षं ज्या माणसाने ऐकल्याशिवाय थेंब विकला नाही, त्याने न विचारता बाटली भरून ठेवावी? हा वास टिकला की नाही हे त्यांना माहीतच नव्हतं.

पुढच्या मंगळवारी गेले. शटर बंद. "टाके काढाचे हायेत," चष्मेवाला म्हणाला. तिसऱ्या मंगळवारी, "ताप हाये." मी भजी नेली होती, ती त्यालाच दिली.

चौथ्या मंगळवारी त्याने काहीच सांगितलं नाही. माझ्याकडे न बघता ती बाटली काउंटरवर ठेवली आणि कागदाची घडी नीट करत बसला.

मी बाटली उचलली. आयुष्यात पहिल्यांदा मी एक वस्तू एक शब्द न बोलता उचलली.

परतीच्या बसमध्ये ती मांडीवर होती. माझ्या दुकानात एक म्हातारी येते. तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या माझ्याकडे कायम असतात. तरी मी सांगते, "पुढच्या आठवड्यात येतील, आजी." कारण बांगड्या मिळाल्या की ती वर्षभर येणार नाही, आणि ती आली की तासभर बसते. बाजारातली सगळी कावेबाजी मला येते असं मी समजत होते. माझीच युक्ती सहा वर्षं माझ्यासमोर चालू होती आणि मी ऐपतीचा राग धरून बसले होते. पूर्ण बाटली नेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. आपण परत येऊ याचा त्यांना भरवसा नव्हता, आता कोणी परत यायला नको होतं, म्हणून ती भरली.

तरी माझी तक्रार आहेच. ती मी सोडणार नाही. ऑपरेशनला जायचं होतं तर आदल्या मंगळवारी तोंडाने सांगायचं. मी नागपूरला गेले असते. तिकीट अर्धंच लागतं.

बाटली घरी आहे, तिच्यातून थेट अंगाला लावत नाही. त्यांची शेवटची कुपी माझ्याजवळ राहिली होती. सोमवारी तीत थोडा सेंट घेते आणि मंगळवारी अकोल्याच्या स्टँडवर, बस सुटायच्या आधी, कोपराच्या आत टेकवते.

परवा शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. बोरगाव गेल्यावर म्हणाली, "काय लावलं वो ताई? गार वास येऊन राहिला."

"तुमी कुठं उतरता?"

"बडनेऱ्याले."

"मंग आत्ता नका सांगू," मी म्हटलं. "मूर्तिजापूरले एकडाव पाहा, आन् उतराच्या आधी मले सांगजा."

ती हसली, बरं म्हणाली. मूर्तिजापूरला तिचा डोळा लागला होता. मी उठवलं नाही. बडनेऱ्याला कंडक्टर ओरडला तशी ती दचकून उठली, पिशवी सावरली, मी कोपर पुढे केलं तोवर "सरका, सरका" करत दारापर्यंत गेली आणि उतरली.

बस सुटली तेव्हा माझा हात अजून तिच्या रिकाम्या जागेकडे पुढे केलेला होता.