भाऊ एकाचा, बहीण दुसऱ्याची

पुण्याच्या एका मुलांच्या साप्ताहिकात मी बरीच वर्षं चित्रकथा काढत होते. डोंगराखालच्या गावातली दोन भावंडं, त्यांची आई आणि एक आगाऊ शेळी. भावंडांनी लेण्यांत लपलेले चोर पकडायचे, रानात हरवलेली माणसं शोधायची आणि घरी येऊन आईच्या शिव्या खायच्या. गाव आमचं भाजे, भावंडं म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ, आणि आई तर हुबेहूब आमचीच. चित्रं माझी असली तरी पात्रांवर हक्क साप्ताहिकाच्या मालकांचा, हे मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

सत्तर सालाच्या आसपास मालकांनी मला लोणावळ्याला एका बंगल्यावर बोलावलं. मुंबईचे दोन सिनेमा निर्माते जेवत बसले होते. मला वाटलं, गोष्टीबद्दल विचारतील. पण वाटणी झालेलीच होती. भाऊ एकाला विकला होता, बहीण दुसऱ्याला.

"म्हणजे दोघं एका सिनेमात नाहीत?" मी विचारलं.

"दोन सिनेमे होतील, बाई," मालक खुशीत म्हणाले. "यांच्या सिनेमात भावाला बहीण नसेल, त्यांच्यात बहिणीला भाऊ नसेल. एकमेकांचं नावही घ्यायचं नाही, तसा करारच आहे."

मग शेळीवरून दोघे निर्माते हमरीतुमरीवर आले. शेवटी एकानं पांढरी घ्यायची, दुसऱ्यानं काळी, असं ठरलं. राहिली आई.

"ती दोघांची आहे," मी म्हटलं.

"तीच तर कटकट!" एक निर्माता हाड चोखत म्हणाला. "मारून टाका. फोटोला हार घालू. दोन्हीकडे चालेल, आणि बायका रडतील ते वेगळं."

मी सोबत नेलेलं आईचं चित्र त्यानं तसल्याच हातानं ओढून घेतलं. आईच्या गालावर रश्श्याचा पिवळा डाग पडला. मी एक घासही खाल्ला नव्हता, तरी मोरीवर जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिले.

घरी मी काही बोलले नाही. काय सांगणार होते? पण भावाचा सिनेमा लोणावळ्याच्या टॉकीजला लागला आणि माझा भाऊ हट्टालाच पेटला. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. पहिल्या पाच मिनिटांतच पडद्यावर एका गोऱ्यापान बाईचा फोटो आला. त्याला भला मोठा हार.

"ही कोन गं?" आईनं विचारलं.

"तू हाईस ती, आये," भाऊ हळूच म्हणाला.

"मी? मी तर जित्ती हाय."

तेवढ्यात पडद्यावरचा पोरगा आभाळाकडं बघून ओरडला, की मला या जगात कुणीच नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ माझ्याकडं वळला. "ताई, तू कुटं हाईस ह्यात?"

"मला दुसऱ्या कंपनीला विकलंय," मी म्हटलं.

तो हसला नाही. पुढच्या रांगेतून कुणीतरी गप्प बसायला सांगितलं, तशी आई उठलीच. "चला घरी. मेलेल्या मानसानं हितं किती येळ बसायचं?"

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला जाऊन मालकांना सांगितलं, यापुढं काढणार नाही. भांडायच्या तयारीनंच गेले होते. ते म्हणाले, "हरकत नाही," आणि टेबलावरची पानं माझ्यासमोर सरकवली. दुसऱ्याच कुणीतरी काढलेली. डोंगर माझे, वाटा माझ्या, आणि त्यावरून एकटाच चाललेला, सिनेमातल्या नटासारखे कपाळावर केस सोडलेला भाऊ. त्या माणसांशी भांडायचीही मला किळस आली. मी तशीच परतले आणि पुढं तळेगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले.

वर्षभरानं बहिणीचा सिनेमा आला. मालकांनी आम्हा तिघांना फुकट पास पाठवले. आईनं ते चुलीत सारले आणि वर चहाचं आधण ठेवलं.