देवराईत शिरलेला माझा बांबू

मंडळी, आज शुक्रवारची सुट्टी. सकाळी कुवेतमधल्या सालमियातून गावी काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि आता तुम्हाला एक विचारायचंय.

सहा वर्षांपूर्वी मी इथूनच हट्ट धरला होता, की गावच्या घरामागे बांबूचं कुंपण हवं. नर्सरीतून झटपट वाढणारी परदेशी जात मागवली. काका म्हणाले होते, "आपला गावठी माणगा बांबू लाव गो, तो आपलं बेट सोडून पसरत नाही." मी ऐकलं नाही.

आज काका फोन घेऊन मागच्या देवराईत गेले. माझा बांबू जमिनीखालून तिथे पोचलाय. काकांनी काठीने पाचोळा उकरून दाखवला. पूर्वी तिथे काळी, भुसभुशीत माती होती. आता वर बांबूच्या न कुजलेल्या पानांचा थर आणि खाली मुळांनी विणलेली फिकट माती. तपासून आणली, तर कस गेलाय म्हणे. जुन्या झाडांखाली एक नवं रोप नाही.

"मग तोडा ना," मी म्हटलं.

"देवराईतली काडीही तोडत नाहीत, विसरलीस? गावाने कौल लावला. देवाने परवानगी दिली नाही."

गावकीत माझं नाव निघालं का, विचारलं.

"मीच लावला म्हणून सांगितलं. तू वर्षातून एकदा येतेस, लोकांनी तुझ्याशी नीट बोलावं."

पूर्वी देवळात पुढे मानाने बसणारे काका आता मागच्या रांगेत बसतात. सुट्टीवर गेले की गावकीपुढे खरं सांगू, की त्यांचा शब्द राखू?