प्लेटांमधलं दूध

हिंगोलीहून वाशीमकडं जाताना, कनेरगाव नाक्याचे ढाबे सुरू व्हायच्या जरा अलीकडं, डाव्या हाताला निळ्या पत्र्याची एक शेड दिसते. बाहेरच्या पाटीवरची म्हैस उन्हानं पार पांढरी पडली आहे. हे आमचं दूध शीतकरण केंद्र. तिथलं मशीन मी सांभाळतो. सवयीनं 'सांभाळतो' म्हणालो, नाहीतर आता तिथं सांभाळण्यासारखं काही राहिलेलं नाही.

डिप्लोमा झाल्यावर मी काही वर्षं पुण्याकडच्या एका मोठ्या डेअरीत होतो. पत्र्याच्या खोलीत तिघं राहायचो, डब्याचं खायचो. इकडं माय एकटी, दोन म्हशी आणि तिचा तो दुखरा उजवा खांदा. चल म्हटलं की म्हणायची, "म्हशी कुठं बांधू, तुझ्या खाटंला?" मग आमच्या भागात हे केंद्र निघालं आणि मशीनवर माणूस पाहिजे असं कळलं. मी बॅग उचलली आणि आलो. शिकलेलं काम हातात आणि रात्रीची भाकरी मायच्या हातची, असं आमच्याकडं कितीजणांना जमतं? हिशोब सरळ होता. केंद्र चाललं तर मी गावात. बंद पडलं तर मी पुन्हा त्या पत्र्याच्या खोलीत, आणि माय इथं एकटी.

मशीन दिसायला अगदी साधं. पातळ स्टीलच्या नक्षीदार प्लेटा, पापड उभे रचावेत तशा एकीला एक लावलेल्या, दोन्ही बाजूंनी जाड लोखंडी तक्ते आणि लांब बोल्टांनी आवळलेल्या. एका फटीतून दूध जातं, शेजारच्या फटीतून बर्फाचं पाणी. दोघांची भेट कधी होत नाही, मधल्या पत्र्यातून फक्त थंडी इकडून तिकडं जाते. प्लेटांवरच्या नक्षीमुळं दूध सरळ वाहत नाही, आपटत, उलटंपालटं होत जातं. जेवढं आपटेल तेवढं लवकर थंड होतं. पण आपटायचं म्हणजे पंपाला तेवढा जोर लावावा लागतो. म्हणून दूध आत जाताना एक दाबाचा काटा आहे आणि बाहेर येताना दुसरा. दोन काट्यांमधली तूट म्हणजे प्लेटांनी खाल्लेला जोर. तूट फार वाढली तर दूध पुढं सरकत नाही, फार कमी झाली तर ते सुस्तावतं आणि थंडी नीट घेत नाही. या दोन्हींच्या मधली जागा धरून ठेवणं, एवढंच माझं काम. ऐकायला काहीच नाही. पण आमच्या भागात मधल्या जागेवर कोणाचा विश्वास नाही.

विहिरीला पाणी कमी झालं की आमच्याकडं मोठी मोटार टाकतात. शेजाऱ्यानं पाचची टाकली की आपण साडेसातची. पाणी तरी येत नाही, मग दहाची. विहीर कोरडी पडली आहे हे मोटारीला कोण सांगणार? केंद्राचे अध्यक्ष याच विचाराचे. माणूस मनानं चांगला. केंद्र त्यांनीच उभं केलं, गावोगाव फिरून लोकांच्या दाराशी बसून दूध गोळा केलं. मी त्यांना काका म्हणतो, ते मला चारचौघांत 'इंजिनेर' म्हणतात. त्या म्हणण्यात निम्मं कौतुक असायचं आणि निम्मी टिंगल. मला राग यायचा, पण माणसावर राग धरता यायचा नाही.

या उन्हाळ्यात प्लेटांच्या कडेनं पाणी झिरपायला लागलं. मधले रबर जुने झाले होते. मी म्हणालो, रबर बदलू. काकांनी हिंगोलीहून मिस्त्री बोलावले. आमच्या अख्ख्या टापूतले पंप आणि डिझेल इंजिनं यांच्या हाताखालून गेलेली. बाप-आजापासून हेच काम, आणि हात खरोखर सोन्याचा. त्यांनी पाना घेतला आणि बोल्ट आवळायला सुरुवात केली. मी तक्त्यावरची पट्टी दाखवली. म्हणालो, चाचा, प्लेटांची एकूण जाडी किती राहिली पाहिजे ते इथं लिहिलंय, त्याच्याखाली जायचं नाही. फट बारीक होते, प्लेटा चेपतात.

"पानी टपकना बंद हुआ ना?" घाम पुसत ते म्हणाले. "फिर काहे की तकलीफ?"

पाणी खरंच बंद झालं होतं. काकांनी चहा मागवला. मी दोन काट्यांकडं बघत उभा राहिलो. आतला काटा वर गेला होता आणि बाहेरचा खाली आला होता. हे मी बोलून दाखवलं, तर काका म्हणाले, "तुला चांगलं झालेलं बघवत न्हाई का रे?"

झालं असं की दूध पुढं सरकेना. ओतायची टाकी भरलेली आणि बाहेर कॅनांची रांग. गोरेगावकडून येणारी जीप, मोटारसायकलीला बांधलेले कॅन, डोक्यावर चरवी घेऊन आलेल्या बाया, सगळे उन्हात. सकाळचं दूध शेडच्या सावलीत शिरेपर्यंत अर्धं बिघडायला आलेलं असायचं. लोक माझ्यावर ओरडायचे, कारण मशीनपाशी मी दिसायचो. माय पण त्या रांगेत असायची. ती ओरडायची नाही, पदरानं कॅन झाकून उभी राहायची. मला तेच जास्त लागायचं.

काकांनी मोठी मोटार आणली. मी हात जोडले. खरंच जोडले, उपमा म्हणून सांगत नाही. म्हणालो, काका, फट चेपलेली आहे. त्यात जोरानं दूध ढकललं तर ते पळत जाईल, थंड व्हायला त्याला वेळच मिळणार नाही.

"आरं, रांग तर हटंल न्हाई?" ते म्हणाले. "लोकं उन्हात उभे राहून राहिले, तुला दिसून न्हाई राहिलं का?"

दिसत होतं. त्यातली एक तर माझीच माय होती. रांग हटली. दूध धडाधड पुढच्या टाकीत पडलं, आणि संध्याकाळी टँकर आला. कंपनीच्या माणसानं थर्मामीटर बुडवला, मान हलवली, पुन्हा बुडवला. मग परीक्षानळीत दूध घेऊन बघितलं आणि पाइप गुंडाळून ठेवला. टँकर रिकामा परत गेला.

टाकीभर दूध नासलं की त्याचं काय करायचं हे मला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं. मागच्या नाल्यात सोडलं. कळमनुरीच्या बाजाराला गेलेले लोक परत येताना रस्त्यावर थांबून बघत होते. कुत्री आली, थोडं चाटून तीही निघून गेली. पहाटे उठून कुणाकुणाच्या बायांनी पिळलेलं ते दूध. मी व्हॉल्व्ह धरून उभा होतो आणि मला रडू येत होतं. आलेलं रडू मी शिव्यांमध्ये घालवलं, कारण शेडमध्ये शिव्या चालतात.

काकांना रात्री झोप लागली नसावी. दुसऱ्या दिवशी तोंड उतरलेलं. पण माणूस हार मानणारा नाही, तेच तर वाईट. कुठल्याशा बंद पडलेल्या डेअरीतून त्यांनी तशाच प्लेटांची एक चळत आणली. म्हणाले, प्लेटा जास्त म्हणजे थंडी जास्त, हे तर तुझ्या पुस्तकातबी असंल. असं अर्धं बरोबर बोलणाऱ्या माणसाशी वाद घालणं फार अवघड असतं. प्लेटा वाढल्या की जागा वाढते, हे खरं. पण तेच दूध जास्त फटींत वाटलं गेलं की प्रत्येक फटीतलं दूध मंद होतं, आपटायचं थांबतं, आणि पत्र्यावर थर धरायला लागतं. मी ते सांगितलं. केंद्राच्या बैठकीत सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एकानं विचारलं, "म्हणजे प्लेटा काढल्या तर थंड व्हतं, असं म्हणून राहिला का तू?" सगळे हसले. मी पण हसलो. काय करणार?

पहिले काही दिवस दूध खरंच जरा थंड आलं. काका मला भेटेल तिथं "काय इंजिनेर?" म्हणायचे. नंतर थर धरला. कितीही धुतलं तरी शेवटच्या प्लेटांपर्यंत औषधाचं पाणी जोरानं पोहोचेना. दूध पुन्हा कोमट. टँकर दुसऱ्यांदा परत गेला.

त्यानंतर गावात खाजगी गाडी फिरायला लागली. पिकअपमध्ये बर्फाच्या लाद्या, त्यात कॅन उभे. ना दाब, ना प्लेटा. दारासमोर येते, हॉर्न देते, दूध घेते. लोकांनी मला विचारून थोडंच ठरवलं? रांगेत उभं राहायचं नाही आणि दूध नाल्यात जायचं नाही, एवढं त्यांना पुरे होतं. आमच्या शेडपुढची गर्दी रोज थोडी थोडी विरळ होत गेली. माय मात्र येत राहिली. मी म्हणायचो, आपलं दूध इथंच. ती म्हणायची, "व्हय बाबा."

मग एका सकाळी काका आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता तुझ्या मनानं कर."

हे चार शब्द मला उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाहिजे होते. तरी मी उड्या मारतच कामाला लागलो, लाज नाही मला. मिस्त्रींना फोन केला, ते लगेच आले. प्लेटा खोलल्या तेव्हा चेपलेल्या नक्षीवरून त्यांनी बोट फिरवलं. चेपलेल्या प्लेटा बाजूला काढल्या. आणलेल्यांमधल्या चांगल्या निवडल्या, बाकीच्या ठेवून दिल्या. नवे रबर बसवले. दूध अर्ध्या प्लेटांतून खाली जाईल आणि उरलेल्या अर्ध्यांतून वर येईल, अशी रचना केली, म्हणजे प्रत्येक फटीत त्याला जोर राहील. जुनी छोटी मोटार पुन्हा बसवली. मिस्त्री बोल्ट आवळत होते आणि मी चारी कोपऱ्यांत पट्टी लावत होतो. "बराबर?" ते विचारायचे. "अजून एक आटा," मी म्हणायचो. असं सुखाचं काम मी आयुष्यात फार कमी केलं आहे.

आधी पाणी फिरवलं, मग दूध सोडलं. आतला काटा चढला, थांबला. बाहेरचा चढला, थांबला. दोघांमध्ये पाहिजे तेवढीच तूट. थर्मामीटर चार डिग्रीच्या जरा खाली. एक थेंब गळती नाही. मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली. काका नळाखाली हात धरून दूध गार लागतं का बघत होते, लहान लेकरासारखे.

आणि मग काटे थरथरायला लागले. मला वाटलं रबर गेलं. धावत जाऊन बघितलं तर ओतायची टाकी रिकामी झाली होती. पंप हवा ओढत होता. अख्ख्या सकाळचं दूध, चहा निवायच्या आत संपलं होतं. मी मोटार बंद केली. दोन्ही काटे खाली बसले.

काकांनी बाहेर जाऊन रस्त्याकडं बघितलं. कुणी येत नव्हतं. आत येऊन एका पालथ्या कॅनवर बसले आणि म्हणाले, "आता तर बराबर झालं न्हाई का रं?"

"झालं काका," मी म्हणालो.

पुढचे काही दिवस ते आणि मी गावोगाव फिरलो. लोक चहा पाजायचे, येतो म्हणायचे. कोणी आलं नाही. काहून येतील? टँकरवाल्या कंपनीनं कळवलं की एवढ्याशा दुधासाठी गाडी पाठवणं परवडत नाही, महिनाअखेरीपासून फेरी बंद. बंद व्हायच्या आदल्या दिवशीसुद्धा दूध चार डिग्रीच्या खालीच होतं. मी रोज बघत होतो. मशीन बरोबर आणि मी बरोबर, त्या बरोबर असण्याचं करायचं काय, हे मला अजून कळलेलं नाही. चुकलो असतो तर निदान सुधारायला काहीतरी हातात राहिलं असतं.

शेवटच्या दुपारी मी पुण्याकडच्या जुन्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ये, पुढच्या आठवड्यापासून जागा आहे. मी हो म्हणालो. इतकं हळू म्हणालो की त्यांना वाटलं नेटवर्क गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर हॉर्न वाजला. मी अंगणात दात घासत होतो. माय गोठ्यातून कॅन ओढत आणत होती, डाव्या हातानं. मी चूळ भरली आणि कॅन तिच्या हातातून घेतला. स्टील कोमट होतं. इतकी वर्षं मी दूध थंड करत आलो आणि आपल्याच म्हशीचं धारोष्ण दूध मी उचलून पिकअपमध्ये, वितळत्या लादीशेजारी ठेवलं. गाडीवाल्यानं भोवतीनं बर्फाचे तुकडे सारले.

तो मायला म्हणाला, "आज्ये, कॅन लई जड हाय. उद्या तुमी आणू नका, खांदा जाईल. कोण हाय का उचलायला?"

"ह्यो हाय की," माय म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता ह्यो कुठं जातोय? केंद्रबी बंद झालं. दिवसभर घरीच हाय आता माझं लेकरू."