सरसाची एकच बाजू

कुपवाडच्या लाकडाच्या वखारीत एक म्हातारा सुतार रोज दिसायचा. घरच्या बाकासाठी मी लाकूड घेतलं, तेव्हा जोड त्यानंच शिकवला. दोन्ही लाकडांना खाच पाडायची आणि मध्ये सागाची सुटी जीभ ठोकायची. ठोकण्याआधी तो ती गालावर फिरवून बघायचा.

"सरस जिभेच्या एकाच बाजूला लावा, म्हंजे जोड परत खोलता येतो," तो म्हणाला. "पोराच्या पलंगाला मी तसाच लावलाय. मिल्ट्रीत गेला तवा केलता. क्वार्टर मिळाली की खोलून न्यायचा."

"नेला का?"

"न्हाई. रिटायर झाला, तिकडंच घर बांधलं."

"मग आता दुसरी बाजूही चिकटवून टाका की."

"व्हय, चिकटवायचीच हाय," म्हणत त्यानं सरसाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.